मोजल्याशिवाय बदलू नये

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत हिशेबासाठी ठेवलेला लॅपटॉप, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या ऑफिसात चालणारा लॅपटॉप आणि खानापूरकडच्या पावसात एखाद्या शिक्षिकेच्या घरी असलेला लॅपटॉप हे तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच महिन्यात घेतलेले असले तरी एकाच दोषाने बंद पडत नाहीत. पहिल्याच्या पंख्यामागच्या जाळीत तंबाखूची भुकटी बसलेली असते. दुसऱ्याच्या बोर्डावर काळी, बोटाला लागणारी धूळ असते. तिसऱ्याच्या कनेक्टरांच्या पिना हिरवट झालेल्या असतात. काउंटरवर मात्र तिघांचीही तक्रार एकच असते: "काल रात्रीपर्यंत चांगला चालत होता, सकाळी चालूच होईना बघा." त्या एका वाक्यापासून खऱ्या दोषापर्यंत कसं पोचायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहिताना दोन वाचक माझ्या डोळ्यांसमोर होते. बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात दुरुस्तीचं दुकान चालवणारी किंवा चालवू पाहणारी मुलं-मुली, हा पहिला. ज्याचा लॅपटॉप बंद पडला आहे आणि दुकानदार काय सांगतोय ते ज्याला समजून घ्यायचं आहे असा साधा माणूस, हा दुसरा. पहिल्या वाचकाची अडचण मी जवळून पाहत आलो आहे. त्याची शाळा मराठी माध्यमाची, आयटीआय किंवा डिप्लोमा कन्नड-इंग्रजीतून, आणि दुरुस्ती शिकायची ती हिंदी व्हिडिओ बघून. हात त्याचा चांगला तयार होतो. बारीक आयसी तो सफाईने काढतो आणि बसवतो. पण व्हिडिओत एकाने बोर्डावर हॉट एअर फिरवला आणि लॅपटॉप चालू झाला एवढंच दिसतं. तो का चालू झाला आणि महिन्याभराने पुन्हा का बंद पडणार आहे, ते दिसत नाही. कारणांची ही बाजू मराठीत छापलेली असावी असं वाटत होतं, म्हणून हा खटाटोप.

माझं सांगणं एकच आहे आणि पुढच्या प्रत्येक प्रकरणात ते वेगवेगळ्या निमित्ताने येईल: मोजल्याशिवाय काहीही बदलू नये. आपल्याकडे "बदलून बघू" ही पद्धत रुळली आहे. आधी अडॅप्टर बदलायचा, मग रॅम, मग बॅटरी, आणि तरीही काही झालं नाही तर "मदरबोर्ड गेला" म्हणून सांगून मोकळं व्हायचं. मदरबोर्डवर हजाराहून जास्त सुटे भाग असतात. त्यातला कोणता गेला, त्याच्यापर्यंत वीज पोचत होती का आणि तो कशामुळे गेला, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निदान झालं. ती न शोधता बोर्ड बदलला, तर ग्राहकाचे लॅपटॉपच्या निम्म्या किमतीएवढे पैसे जातात, आणि ज्या कारणाने पहिला बोर्ड गेला ते कारण तसंच शिल्लक राहून दुसऱ्याची वाट बघतं.

मोजून काम करण्याची सवय या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर याच गावात तयार झाले. नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हा १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात ही हकिगत सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती मोठ्या उद्योगाची सुरुवात म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं सायकलीचं दुकान जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याने बनवलेली वस्तू खोलून, तिचं काम समजून घेऊन, ती पुन्हा जुळवणारा माणूस पुढे स्वतःची वस्तू बनवू शकतो. आजही उद्यमबागेत क्रँकशाफ्टचं मशीनिंग करणारा कारागीर मायक्रोमीटर लावल्याखेरीज नग पुढे देत नाही. मोटर रिवाइंडिंगवाला मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय पंपाची मोटर शेतकऱ्याच्या हातात ठेवत नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून याच गावात आहे. एवढं सगळं भोवती असताना लॅपटॉपच्या काउंटरवर अंदाजाने काम चालावं, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या भागातल्या कारणांकडे येतो. बाहेरच्या पुस्तकांत ती सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

तंबाखूची पूड हवेतला ओलावा शोषून घेते. उन्हाळ्यात ती कोरडी असते, पंख्यातून आत जाते आणि हीटसिंकच्या तांब्याच्या बारीक पत्र्यांवर बसते. जून लागला की ती दमट होऊन घट्ट होते. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा बाहेर पडत नाही. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालक म्हणतो, "स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅटने त्यात काहीच फरक पडत नाही. अशा लॅपटॉपचं तापमान आधी सॉफ्टवेअरवर बघावं, मग खोलून पंखा आणि हीटसिंक वेगळे करावेत, जाळी आतल्या बाजूने साफ करावी, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. बाहेरूनच ब्लोअर मारणारे पुष्कळ आहेत. त्याने घट्ट झालेला थर हलत नाही, आणि पातं धरून ठेवलं नसेल तर पंखा नको तेवढ्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

फौंड्रीची धूळ याहून वाईट. साच्याची वाळू आणि कोळशाची पूड वीज फारशी वाहून नेत नाही, पण ग्राफाइट आणि ग्राइंडिंगमध्ये उडणारे लोखंडाचे कण नेतात. दोन पिनांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेल्या आयसीवर अशी धूळ साचली की कधी लॅपटॉप आपोआप बंद होतो, कधी चार्जिंग घेत नाही, आणि दुकानात आणताना रस्त्यात हादरे बसून धूळ हलली की तो पुन्हा नीट चालतो. "तुमच्याकडे आला की चालतो, ऑफिसात चालत नाही," असं ग्राहक सांगत असेल तर त्याचं म्हणणं खोटं समजू नये. लॅपटॉप कुठे ठेवलेला असतो, हा पहिला प्रश्न विचारावा. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागाच्या घरी सुताची लव पंख्यात गुंडाळलेली सापडते. ती काढायला सोपी.

ओलाव्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. ते लॅपटॉप पावसाळ्यात जपून, बंद करून, बॅगेत ठेवतात. रोज चालणारा लॅपटॉप स्वतःच्या उष्णतेने आतून कोरडा राहतो; जुलै-ऑगस्ट महिने बॅगेत काढलेला लॅपटॉप गणपतीत उघडला की चालू होत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी इथल्या पावसात मी हा अनुभव इतका पाहिला आहे की तिकडच्या लोकांना मी रोज निदान तासभर लॅपटॉप चालवायला सांगतो. चोर्ला घाटापलीकडे गोव्याच्या किनाऱ्यावर नोकरीला असलेल्या आपल्या मुलांचे लॅपटॉप सुट्टीत इकडे दुरुस्तीला येतात. त्यांच्यात ओलाव्याबरोबर खारी हवाही असते, आणि स्क्रूसुद्धा गंजलेले निघतात.

राहिली वीज. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो, विजा कडाडतात, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर चार्जिंगचा भाग जळालेले लॅपटॉप येतात. भिंतीतला प्लग काढूनही ज्यांचे लॅपटॉप गेले, त्यांनी ब्रॉडबँडची लॅन केबल लावून ठेवलेली असते. ती वाट कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. तिथे धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होतं. अडॅप्टरच्या आत, गोंगाट कमी करण्यासाठी, मेन लाइन आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांतून येणारा अगदी थोडा प्रवाह अर्थला जायला हवा, तो अंगातून जातो. अर्थ नसताना लॅपटॉपच्या अंगावर मल्टिमीटरने शंभर-सव्वाशे व्होल्ट एसी दिसतात. प्रवाह क्षीण असल्यामुळे माणसाला इजा सहसा होत नाही, पण त्याच अवस्थेत प्रोजेक्टर किंवा टीव्हीची एचडीएमआय केबल लावली तर पोर्टाची आयसी जाऊ शकते. अशा ग्राहकाला लॅपटॉप दुरुस्त करून देताना घराचं अर्थिंग दुरुस्त करायलाही सांगावं. ते सांगितलं नाही तर दुरुस्ती अर्धीच झाली.

आता मुख्य दोष, म्हणजे डेड लॅपटॉप. बटण दाबलं, दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. या प्रकरणाला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण मोजण्याची शिस्त इथेच लागते.

आधी अडॅप्टर. बऱ्याच लॅपटॉपांचा अडॅप्टर १९ किंवा १९.५ व्होल्टचा असतो. मल्टिमीटर लावून १९ दिसले म्हणून तो चांगला ठरत नाही, लोड दिल्यावर तो १९ राहतो का ते बघायचं. नुसता १९ दाखवणारा आणि लोड पडताच १२ वर उतरणारा अडॅप्टर नवशिक्याचा अख्खा दिवस खातो. मग जॅक. काही कंपन्यांच्या जॅकमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख पटवून घेतो. ती तुटली तर लॅपटॉप चालतो, पण चार्ज होत नाही, आणि दोष बॅटरीवर येतो. टाइप-सी चार्जरची तऱ्हा आणखी वेगळी: तो सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो आणि लॅपटॉपशी बोलणी झाल्यावर २० वर जातो. मीटर ५ वर अडकलेला दिसला तर चार्जर फेकून देऊ नये. ती बोलणी करणारी आयसी किंवा पोर्टाच्या पिना तपासाव्यात.

त्यानंतर अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरावं. अडकून राहिलेला चार्ज निघून गेला की काही लॅपटॉप तेवढ्यानेच चालू होतात. रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवावी. बायोसची नाण्याएवढी बॅटरी असेल तर ती ३ व्होल्टच्या आसपास आहे ना बघावं. इथपर्यंतचं काम घरचा माणूसही काळजीपूर्वक करू शकतो.

याच्यापुढे बोर्ड टेबलावर येतो. इथे मी बॅटरीऐवजी आणि अडॅप्टरऐवजी डीसी पॉवर सप्लाय लावायला सांगतो, कारण त्याच्यावर अँपिअर दिसतात, आणि अँपिअर पुष्कळ काही सांगून जातात. बटण न दाबता साधारण ०.०२ अँपिअर दिसले तर बोर्ड जागा आहे, ३.३ आणि ५ व्होल्टचे कायम चालू राहणारे रेल, म्हणजे बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या लाइनी, बहुधा तयार झाले आहेत. ०.०० दिसलं तर वीज आतच शिरत नाही. जॅकनंतरचे मॉस्फेट आणि चार्जिंग आयसी बघा. सप्लाय लावताच अँपिअर लिमिटला टेकले तर शॉर्ट आहे. आणि बटण दाबल्यावर प्रवाह वर जाऊन लगेच खाली येत असेल, तर एखादा रेल तयार होताना कोसळतो आहे. प्रत्येक रेलच्या कॉइलवर एकेक करून व्होल्टेज बघत जा. डीडीआर-४ रॅमचा रेल १.२ व्होल्टचा, डीडीआर-३ चा १.५ किंवा १.३५ चा, प्रोसेसरचा एकाच्या आसपास. हे आकडे तोंडपाठ असावेत.

इथे नवशिका हमखास फसतो. प्रोसेसरच्या कॉइलवर मीटर ठेवला की रोध दोन-चार ओम किंवा त्याहूनही कमी येतो, मीटर बीप करतो, आणि तो म्हणतो शॉर्ट आहे. आधुनिक प्रोसेसरचा रोध मुळातच एवढा कमी असतो. चांगल्या बोर्डावर काय येतं हे ठाऊक नसेल तर वाईट बोर्डावर काय आलं याला अर्थ नाही. म्हणून प्रत्येक दुकानात एक वही असावी, आणि चांगला बोर्ड हातात आला की त्याच्या प्रत्येक कॉइलचा रोध तिच्यात लिहून ठेवावा. मला विचाराल तर ही वही हॉट एअर मशिनपेक्षा मोलाची आहे.

खरा शॉर्ट असेल तर तो पुष्कळदा एखाद्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये निघतो. दीड मिलिमीटर लांबीचा हा तपकिरी तुकडा बोर्ड वाकल्याने किंवा उष्णतेने आतून तडकतो आणि १९ व्होल्टची लाइन थेट ग्राउंडला जोडतो. तो शोधायचा उपाय असा: शॉर्ट असलेल्या रेलवर १ व्होल्ट आणि मर्यादित अँपिअर द्यावेत, बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावं आणि बघत राहावं. जिथलं अल्कोहोल सर्वांत आधी उडून जातं तिथे दोष आहे. मात्र प्रोसेसरच्या रेलवर हा प्रयोग विचार न करता करू नये, आणि त्या रेलच्या स्वतःच्या व्होल्टेजपेक्षा जास्त तर कधीच देऊ नये. प्रोसेसरच्या रेलचा वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला असेल तर अडॅप्टरचे १९ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर गेलेले असतात. तिथे मॉस्फेट बदलून आनंद होण्याआधी प्रोसेसर जिवंत आहे का ते बघावं लागतं.

सगळे रेल आले, पंखा फिरला, तरी स्क्रीन काळी राहिली तर बाहेरचा मॉनिटर लावून बघावा. बाहेर चित्र आलं तर दोष स्क्रीन, तिची केबल किंवा बॅकलाइटमध्ये. अंधारात टॉर्चचा झोत स्क्रीनवर तिरका टाकला आणि पुसट चित्र दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, बॅकलाइट गेला आहे. झाकण कमी-जास्त उघडल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीपाशी चेपलेली केबल बदला, पॅनेल नको. बाहेरही चित्र नसेल तर बायोसकडे वळावं. ती आठ पिनांची चिप प्रोग्रामरवर घेण्याआधी तिच्यातला मूळ मजकूर दोनदा वाचून, दोन्ही वाचनं जुळवून, जपून ठेवावा. लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि विंडोजची कीसुद्धा बहुधा त्यातच असते. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची हे तिच्या नंबरावरून बघितल्याशिवाय प्रोग्रामर लावला तर चिप जाते.

चहा सांडण्याचं प्रकरण मी वेगळं केलं आहे, कारण तिथे पहिली पाच मिनिटं दुकानदाराच्या हातात नसतात. लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी आत जोडलेली असते आणि काही रेल चालूच असतात. पाणी, साखर आणि वीज एकत्र आली की तांब्याचे ट्रॅक विरघळायला लागतात, एका पिनेवरचा धातू दुसऱ्या पिनेकडे सरकतो. त्यामुळे चार्जर काढणं, बटण दाबून बंद करणं, उलटा करून धरणं आणि शक्य तितक्या लवकर बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, एवढंच घरी करावं. तांदळाच्या डब्यात ठेवू नये. तांदूळ बोर्डावरची साखर काढत नाही आणि त्याचा भुसा पोर्टांत मात्र जातो. हेअर ड्रायरही नको, तो ओलावा आयसीखाली ढकलतो. आणि चालतोय म्हणून वापरत बसू नये. चहा पडलेला लॅपटॉप दोन आठवडे उत्तम चालतो आणि मग एकदम जातो, तोवर बोर्ड आतून खाऊन झालेला असतो.

बिजागरी तुटणं हा आता फार वाढलेला दोष आहे. प्लास्टिकमध्ये पितळेच्या बारीक बुशी बसवलेल्या असतात, बिजागरी कडक होत जाते, आणि एक दिवस झाकण उघडताना बुश प्लास्टिकसकट उखडते. फेविक्विकने ती टिकत नाही. बिजागरी आधी सैल करावी, मग बुश इपॉक्सीत बसवावी. हव्या त्या मापाची बुश बेळगावात लेथवर काढून मिळू शकते, आणि ती कंपनीच्या बुशीपेक्षा जास्त टिकेल अशी मोठ्या व्यासाची करून घ्यावी.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. मार्चअखेरीला एखाद्या व्यापाऱ्याचा लॅपटॉप टकटक आवाज करत दुकानात आला तर त्याच्यावर डिस्क दुरुस्त करणारा कोणताही प्रोग्राम चालवू नये. डिस्कचं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते बिघडलं असेल तर प्रत्येक मिनिट चालवणं म्हणजे तबकडी खरवडणं. आवाज येत असेल तर बंद करा आणि डेटा काढणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. आवाज नसेल पण सेक्टर खराब असतील, तर सर्वांत आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण क्लोन घ्या आणि पुढचं सगळं काम क्लोनवर करा. लॅपटॉप तीस हजारांचा असतो, त्यातल्या वर्षभराच्या हिशेबाची किंमत कुणी सांगू शकत नाही. एसएसडी तर आवाजही न करता जाते, तेव्हा बॅकअपला पर्याय नाही.

"चिप तापवून देतो" या कामाबद्दलही स्पष्ट लिहिणं भाग आहे. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन घातलं आणि जगभरचं सोल्डर बदललं. शिसं असलेलं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, नवं २१७ ते २२० ला. त्यानंतर २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही ग्राफिक्स चिपांमधल्या सदोष जुळणीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या काळात अशा चिपा हॉट एअरने किंवा चक्क ओव्हनमध्ये तापवून चालू करण्याची प्रथा पडली. तो दोष चिपच्या पोटातल्या जोडांचा होता, बोर्डाच्या सोल्डरचा नव्हता. तापवल्यावर जोड काही दिवस धरतात आणि पुन्हा सुटतात. ग्राहकाकडून दुरुस्तीचे पैसे घेऊन असं काम देणं मला अप्रामाणिक वाटतं. चिप बदला, नाहीतर होत नाही म्हणून सांगा.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, उन्हात ठेवू नये. टचपॅड वर आलेला दिसला की बॅटरी फुगली आहे असं समजून लॅपटॉप वापरणं थांबवावं. अशा बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत टाकण्याची सवय घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दुकानदाराने त्या वाळूच्या डब्यात वेगळ्या साठवाव्यात आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्याव्यात.

माहितीच्या टंचाईचाही विचार करावा लागतो. बहुतेक कंपन्या बोर्डाचा सर्किट आराखडा ग्राहकाला देत नाहीत. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं, पण बोर्डाच्या पातळीवर काम करणाऱ्याला लागतो तो आराखडा. त्यासाठी लॅपटॉपच्या झाकणावरचं मॉडेल पुरत नाही. बोर्डावर छापलेला क्रमांक बघायचा. एकाच मॉडेलचे लॅपटॉप दोन वेगवेगळ्या बोर्डांवर बनलेले असतात. सुटे भाग बंगळूरच्या एसपी रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात, म्हणजे रात्रीच्या गाडीचं पार्सल. आयसीचा पूर्ण नंबर भिंगाखाली वाचून, लिहून, मगच ऑर्डर द्यावी. शेवटचं एक अक्षर चुकलं तर दोन दिवस गेलेच.

आपल्या भागाची आणखी एक अडचण म्हणजे सीमा. निपाणी कर्नाटकात, आणि गावाला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. सकाळी सीमा ओलांडून शिकायला जाणारी आणि दुपारी परत येणारी मुलं तिथे नेहमीची. कोल्हापूर तिथून सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. वॉरंटीसाठी कुठे जायचं या विचारात मुलाची परीक्षा येऊन ठेपते. बेळगावचा तंत्रज्ञ निपाणीच्या तंत्रज्ञाला ओळखत असेल, एकाकडची वही दुसऱ्याला उपयोगी पडत असेल, तर मुलाला कुठेच जावं लागणार नाही. आपल्या धंद्यात ज्ञान लपवण्याची खोड आहे. ती सोडावी, एवढं मी हात जोडून सांगतो.

ग्राहकाशी वागण्याचंही एक प्रकरण आहे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. खर्चाचा अंदाज कागदावर लिहावा. पासवर्ड गरज असेल तरच मागावा, आणि लॅपटॉपमधले फोटो-फाइल उघडू नयेत. मुली आणि बायका दुकानात लॅपटॉप द्यायला कचरतात, त्यामागे हेच भय असतं. ते खरं ठरवणारा एक दुकानदार साऱ्या बाजाराचं नाव घालवतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि धडधाकट लॅपटॉप केवळ नवं विंडोज घेत नाहीत म्हणून भंगारात निघू लागले. त्यांच्या बोर्डांत दोष नाही. एसएसडी, थोडी जास्त रॅम आणि लिनक्स यांवर ते शाळेतल्या मुलाला आणखी काही वर्षं पुरतील. असा लॅपटॉप कुणी भंगाराच्या भावात विकायला आणला, तर आधी त्याला हे सांगावं.

हे पुस्तक क्रमाने वाचण्याची गरज नाही, पण डेड लॅपटॉपचं प्रकरण सोडून पुढे जाऊ नये. वाचताना मल्टिमीटर जवळ असावा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रोधाच्या आणि व्होल्टेजच्या नोंदींसाठी कोरे तक्ते दिले आहेत, ते भरा. तुमच्या हातातल्या बोर्डावर पुस्तकापेक्षा वेगळी किंमत आली, तर बोर्डाचा क्रमांक, मोजण्याची जागा आणि मीटरवर आलेला आकडा एवढं प्रकाशकांच्या पत्त्यावर लिहून कळवा. तपासून पुढच्या आवृत्तीत तो छापला जाईल.